व्हेटो (नकाराधिकार)

व्हेटो : इतरांनी संमत केलेला निर्णय एकट्याच्या नकाराने रोखण्याचा अधिकार. मराठीत यासाठी ‘नकाराधिकार’ हा शब्द रूढ आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी मनाई करतो’. प्राचीन रोममध्ये सामान्य जनतेचे प्रतिनिधी असलेले ट्रिब्यून या अधिकाराने सिनेटचे निर्णय थोपवत. विरोधी मत बहुमतापुढे हरते. व्हेटोपुढे बहुमतच थांबते. मात्र त्याने निर्णय अडवता येतो, पर्यायी निर्णय लादता येत नाही.

दैनंदिन वापर : ‘सहलीचं सगळं ठरलं होतं, पण आजीने व्हेटो वापरला’ असे घरोघरी म्हटले जाते. नुसती नापसंती म्हणजे व्हेटो नव्हे. ज्याच्या नकाराने बेत खरोखर रद्द होतो, त्याच्याच बाबतीत हा शब्द चपखल बसतो.

संयुक्त राष्ट्रे : सुरक्षा परिषदेत अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन व फ्रान्स या पाच स्थायी सदस्यांना हा अधिकार आहे. गोवामुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 रोजी, शस्त्रसंधी करून भारताने सैन्य मागे घ्यावे, अशा ठरावाला 11 पैकी 7 मते मिळाली. सोव्हिएत संघाच्या व्हेटोने तो फेटाळला गेला आणि दुसऱ्याच दिवशी पोर्तुगीज शरण आले.

भारत : संविधानात ‘व्हेटो’ हा शब्द नाही, पण अनुच्छेद 111 नुसार राष्ट्रपती विधेयकाला संमती रोखू शकतात किंवा ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात आणि अनुच्छेद 200 नुसार राज्यपाल संमती रोखून ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात (धन विधेयक परत पाठवता येत नाही). काहीच न करता विधेयक पडून राहू देणे, याला ‘पॉकेट व्हेटो’ म्हणतात. 1986 च्या भारतीय टपाल (दुरुस्ती) विधेयकाबाबत राष्ट्रपती झैलसिंग यांनी तेच केले.

छत्तीसगडमधील प्रसंग : सप्टेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने राज्याचे 58 टक्के आरक्षण रद्द केले. त्यानंतर 2 डिसेंबर 2022 रोजी विधानसभेने एकूण 76 टक्के आरक्षणाची विधेयके मंजूर केली : अनुसूचित जमाती 32, इतर मागासवर्ग 27, अनुसूचित जाती 13 आणि आर्थिक दुर्बल 4 टक्के. राज्यपाल अनुसूया उइके यांनी सरकारकडे खुलासे मागितले, स्वाक्षरी केली नाही; फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांची मणिपूरला बदली झाली. भिलाई-चरोदाच्या कारखानी पट्ट्यापासून बस्तरपर्यंत भरती व प्रवेशाची वाट पाहणाऱ्या तरुणांना होकारही मिळाला नाही आणि नकारही. अशा रखडलेल्या विधेयकांच्या प्रश्नावर नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांना ठरावीक मुदत घालून देता येणार नाही, पण त्यांनी विधेयके अनिश्चित काळ अडवून धरू नयेत, असे मत दिले.

लोकांचा नकाराधिकार : महाराष्ट्रात गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतदानात ‘आडव्या बाटली’ला (दारूबंदीच्या खुणेला) मत दिल्यास दारूचे दुकान बंद होते. परवाना सरकारचा असला, तरी शेवटचा शब्द या बायकांचा असतो.

मूल्यमापन : अल्पमताचे रक्षण आणि घाईच्या निर्णयाला लगाम, हे व्हेटोचे समर्थन; लोकेच्छेची अडवणूक, हा त्यावरील आक्षेप. उघडपणे, कारण देऊन व वेळेत दिलेला नकार लोकशाहीत मान्य होऊ शकतो, कारण त्याला उत्तर देता येते. मौनाने वापरलेल्या व्हेटोला मात्र उत्तरच देता येत नाही. म्हणून तो व्हेटोचा सर्वांत घातक प्रकार होय.