आकाशांतील अडवणूक

तारेनें जाणारा संदेश अडवावयाचा तर शत्रूला तारेपर्यंत यावें लागतें. बिनतारी संदेशाला मात्र त्याच लहरीवर गोंगाट करणारें एक यंत्र पुरतें. आकाशाला कुंपण नाहीं. म्हणून बिनतारीच्या बाल्यांतच तिची अडवणूक सुरू झाली.

१९०३ च्या जूनमध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्राध्यापक फ्लेमिंग यांचें व्याख्यान होतें. दूर कॉर्नवॉलहून मार्कोनींचा संदेश तेथें यावयाचा होता. ठराविक लहरीवर जुळविलेल्या यंत्राला परक्याचा उपद्रव होत नाहीं, असा मार्कोनींचा दावा होता. पण संदेशापूर्वींच यंत्रावर ‘उंदीर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा उमटूं लागला. पाठोपाठ मार्कोनींची थट्टा करणारें कवनही आलें! हा उद्योग नेव्हिल मॅस्कलिन या जादूगाराचा. पुढें त्यानें तो वृत्तपत्रांतून कबूलही केला. लहर जुळविणें म्हणजे दाराला कुलूप लावणें नव्हे, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

मग उपाय कोणता? एका लहरीवर थांबूंच नये. चित्रपटनटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्यें अमेरिकेंत एका युक्तीचें पेटंट मिळालें. पाणतीराला आज्ञा देणारें व घेणारें अशा दोन्ही यंत्रांनीं एकाच क्षणीं लहर बदलीत जावें. त्याचा क्रम छिद्रें पाडलेल्या कागदी पट्टीवर असावा. लहरी किती? पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८! नौदलानें ती युक्ती तेव्हां उचलली नाहीं. परंतु मूळच्या ब्लूटूथमध्यें तेंच तत्त्व ७९ लहरींवर, सेकंदाला १६०० उड्या मारीत, कामास आलें.

घरोघरच्या वायफायवर दुसरेंच संकट होतें, तें तोतयाचें. ‘संबंध तोडा’ ही आज्ञा खरी कीं खोटी, हें यंत्रें तपाशीत नसत. कोणीही घरच्या केंद्राचें नांव घेऊन ती धाडावी आणि यंत्रांनीं मुकाट्यानें संबंध सोडावा! २००९ च्या ८०२.११डब्ल्यू या नियमावलीनें अशा आज्ञांवर गुप्त किल्लीची मुद्रा उमटविण्याची सोय केली. २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ नें ती सक्तीची केली.

तरीही गोंगाटापुढें मुद्रा चालत नाहीं, आणि नुसत्या उड्यांनीं तोतया ओळखतां येत नाहीं. आज रुग्णशय्येजवळचीं यंत्रेंही याच उघड्या वाटेनें बोलतात. अशा वाटेवर एकच पहारेकरी ठेवून निजणें शहाणपणाचें नव्हे.