मनूचा दंड आणि मेकॉलेचा

मेकॉलेचे नाव निघाले की आपले पंडित कारकुनी शिक्षणावर घसरतात. मला पीनल कोडचा मेकॉले अधिक महत्त्वाचा वाटतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला देहदंड नाही, मुंडन केले की पुरे. द्विजाला शिवी देणाऱ्या शूद्राची मात्र जीभ छाटायची. गुन्हा पाहण्याआधी जात पाहायची! मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली दिलेल्या मसुद्यात व्याख्या गुन्ह्याची आहे, वर्णाची नाही. तो १८६० साली कायदा झाला, १८६२ पासून २०२४ पर्यंत चालला.

म्हणून त्याला मी उद्धारक म्हणणार नाही. गोऱ्यांच्या खटल्यांची रीत वेगळीच राहिली. १८७१ च्या कायद्याने तर इंग्रजांनीच जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. हा मनूच की!

आणि महाड? १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या माणसांना झोडपणाऱ्यांपैकी काहींना सक्तमजुरी झाली, कारण मारहाण हा गुन्हा होता. पाणी नाकारणे हा गुन्हा नव्हता. देशभर तो ठरायला १९५५ चा अस्पृश्यता कायदा यावा लागला. तळ्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांना १९३७ पर्यंत दिवाणी दावा लढवावा लागला.