मुसव्विर जंग आणि मोगलाईची वेस

नगरहून औरंगाबादच्या रस्त्याला लागलं की घोडेगाव येतं. शनिशिंगणापूरला वळणारा फाटा इथलाच, आणि जनावरांचा मोठा बाजारही इथलाच. इथून पुढे टोका-प्रवरासंगमला गोदावरी ओलांडली की जुनी माणसं अजूनही म्हणतात, "आता मोगलाई लागली." १९४८च्या सप्टेंबरपर्यंत ते अक्षरशः खरं होतं. नदीच्या अलीकडे नगर जिल्हा, पलीकडे निझामाचं राज्य. या वेशीचा विषय निघाला की आपण रझाकार आणि पोलीस ॲक्शन यांच्यापलीकडे फारसं काही बोलत नाही. आज मला याच मोगलाईत नाव कमावलेल्या एका फिरत्या फोटोग्राफरबद्दल लिहायचं आहे. तो मुसलमान नव्हता. पण त्याला मिळालेला किताब आणि त्याने काढलेले फोटो, दोन्हींचा आपल्याशी जवळचा संबंध आहे.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४चा, मेरठजवळच्या सरधना इथला. कुटुंब जैन. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ला ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम नकाशे काढायचं आणि खर्चाचे अंदाज बांधायचं. इंदूर म्हणजे होळकरांचं राज्य. ज्या चौंडीच्या लेकीचं नाव आज आपल्या जिल्ह्याला दिलं आहे, त्या अहिल्याबाईंच्याच गादीवरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या नकाशेवाल्याच्या नव्या छंदाला आश्रय दिला. १८७४च्या सुमारास कॅमेरा हातात आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत नोकरी मागे पडली.

फिरता फोटोग्राफर म्हटलं की आपल्यासमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला तरुण येतो. दीनदयाळ शिकले तेव्हाची गोष्ट वेगळी होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. म्हणजे जिथे फोटो तिथे अंधारा तंबू हवा, स्वच्छ पाणी हवं, बाटल्या हव्यात, काचांच्या पेट्या हव्यात आणि हे सगळं वाहायला बैलगाडी हवी. उन्हाळ्यात काच बघता बघता वाळते, धूळ बसली की थर खराब होतो, आणि चांदीच्या क्षाराने बोटं काळी पडतात ती दिवसेंदिवस तशीच राहतात. पुढे कारखान्यातून तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा काम बरंच सोपं झालं. पण काच काचच राहिली. गाडीला एक खड्डा लागला की महिन्याची मेहनत गेली.

१८८२मध्ये सर लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर ते मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढत फिरले. ते फोटो १८८६ला पुस्तकरूपाने आले. ते पाहताना मला नेहमी त्यांची पहिली नोकरी आठवते. इमारतीपासून नेमकं किती लांब उभं राहायचं, कुठला कोपरा धरला की उंची आणि खोली दोन्ही कळतील, सावली कुठे पडली की कोरीव काम उठून दिसेल, हे नकाशे काढणाऱ्या माणसाचे हिशेब आहेत. वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा यांचे त्यांचे फोटोही असेच आहेत. मकबऱ्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हसणाऱ्यांनी दीनदयाळांचा मकबरा एकदा जरूर बघावा. त्यात ती इमारत कुणाची नक्कल वाटत नाही.

१८८५च्या आसपास सहावे निझाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं. सिकंदराबादला स्टुडिओ झाला. आणि १८९४मध्ये निझामाने किताब दिला : राजा बहादूर मुसव्विर जंग.

या किताबापाशी थोडं थांबतो. 'मुसव्विर' म्हणजे रूप देणारा, चित्र घडवणारा. सूरह हश्रच्या शेवटच्या आयतीत अल्लाहच्या नावांमध्ये 'अल्-मुसव्विर' येतं. आणि चित्रकारांना कयामतच्या दिवशी आपण घडवलेल्या चित्रात प्राण फुंकायला सांगितलं जाईल, असा इशारा देणाऱ्या हदीसमध्येही मुसव्विर हाच शब्द फिरतो. म्हणजे एकाच शब्दाच्या एका टोकाला खुद्द खालिक आणि दुसऱ्या टोकाला गुन्हेगार. निझामाच्या दरबारात हे ठाऊक नसलेलं कुणी नसणार. तरीही एका मुसलमान राजाने एका जैन माणसाला हा शब्द सन्मान म्हणून दिला. मला यात बेफिकिरी दिसत नाही. फारसी-उर्दूच्या जगात मुसव्विर हा कितीतरी शतकं कारागिराचा आदराचा शब्द होता, ती परंपरा दिसते. 'इस्लाममध्ये फोटो हराम' असं एका वाक्यात सांगून मोकळे होणारे आपल्यातलेही आणि बाहेरचेही, दोघंही हा इतिहास विसरतात.

वाद होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं की फोटो काढणं म्हणजे काही घडवणं नव्हे, ते फक्त सावली धरून ठेवणं आहे. आपल्याकडच्या अनेक उलेमांना ते पटलं नाही. पण त्याआधीच, १८८०-८१ला मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन अधिकाऱ्याने मक्केचे फोटो काढले होते, आणि पुढे दिल्लीच्या एच. ए. मिर्झा अँड सन्सने मक्का-मदिनेचे फोटो छापून विकले. ज्या घरात माणसाचा फोटो भिंतीवर लावत नाहीत, त्या घरातही काबाचा फोटो असतो. तो कुणा मुसव्विरनेच काढलेला असतो. आमच्याकडे माणसांचे फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या घडीखाली असायचे. ज्या खोलीत नमाज होते तिथे चेहरे नकोत, एवढाच नियम होता. फोटो नकोत असं कुणी म्हणत नव्हतं. उरुसात रंगवलेल्या पडद्यासमोर उभं राहून काढलेले, लाकडी मोटारीत बसून काढलेले फोटो त्या ट्रंकेत होतेच.

हैदराबादने पडद्याचा प्रश्नही असाच व्यवहाराने सोडवला. १८९२मध्ये दीनदयाळांनी खास स्त्रियांसाठी 'जनाना' स्टुडिओ काढला. उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, आणि कॅमेऱ्यामागे मिसेस केनी-लेव्हिक ही इंग्रज बाई. उमरावांच्या बेगमा मेण्यातून यायच्या आणि फोटो काढून जायच्या. चेहरा कुणी पाहायचा हे त्यांच्या घराने ठरवलं होतं आणि फोटोग्राफरने ते मान्य केलं होतं. मुस्लिम स्त्री आणि कॅमेरा यांच्यावर आज चर्चा होते ती बहुतेक निवडणूक ओळखपत्राच्या निमित्ताने. मद्रास उच्च न्यायालयात २००६ला गाजलेला खटला त्यावरच होता. त्याच्या एकशे चौदा वर्षं आधी ही सोय निघाली होती, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं.

आता नदीकाठच्या भागाकडे परत येतो. १८९९-१९००चा दुष्काळ नगर आणि औरंगाबाद दोन्हीकडे पडला. पाऊस नदीची वेस पाळत नाही. पलीकडे निझाम सरकारने मदतकामं काढली आणि ती दाखवण्यासाठी फोटो काढवून घेतले. ते काम दीनदयाळांच्या स्टुडिओने केलं. त्यातला एक फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. लंगोटी नेसलेली तरुण माणसं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. कॅमेऱ्यासमोर नीट मांडून बसवलेली, उभी केलेली, बेगमांना आणि उमरावांना जशी मांडणी करून बसवतात तशीच. उजेड उत्तम, प्रत्येक हाड स्पष्ट. खाली इंग्रजीत ओळ आहे, तिचा अर्थ होतो 'कृशतेचे प्रकार, औरंगाबाद'.

प्रकार. धान्याचे असतात, जनावरांचे असतात तसे. १८७६-७८च्या दुष्काळात मद्रासकडे विलोबी हूपर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांचे असेच गट करून फोटो काढले होते, तेव्हा ही पद्धत काही दीनदयाळांनी शोधली नव्हती. इंग्रज अंमलात माणसांना जातवार, प्रकारवार मोजण्याची सवय सगळ्या दफ्तरांना लागलेली होती. आणि या फोटोंशिवाय मोगलाईच्या या भागातला तो दुष्काळ आज आपल्याला आकड्यांतच उरला असता, हेही मला मान्य आहे. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. तोच स्टुडिओ, तेच राज्य, सात-आठ वर्षांचं अंतर. बेगमांसाठी भिंत बांधली गेली. या पोरांना, आपला उघडा देह कुणी पाहायचा, हे कुणी विचारलं नाही. तस्वीर जायज की नाजायज यावर आपल्याकडे किताबंच्या किताबं लिहिली गेली. तस्वीर कुणाची, कुणाच्या परवानगीने, हा प्रश्न त्यात क्वचितच आला. मला तोच खरा शरीयतचा प्रश्न वाटतो. अदब आणि सतर यांच्या गप्पा मारणाऱ्या समाजाला तर तो आधी सुचायला हवा होता.

मुंबई त्यांच्या स्वप्नातलं शहर होतं असं म्हणायला हरकत नाही. १८९६ला त्यांनी तिथे मोठा स्टुडिओ उघडला. वर्षही कसं निवडलं पाहा. जुलैत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरची हलती चित्रं दाखवली गेली आणि सप्टेंबरात प्लेग आला. म्हणजे फोटोचा धंदा बदलून टाकणारी गोष्ट आणि शहर रिकामं करणारी गोष्ट एकाच पावसाळ्यात. तरीही स्टुडिओ चालला. तिथल्या खुर्चीत बसून फोटो काढून घेणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. ५ जुलै १९०५ला दीनदयाळ मुंबईतच वारले. १९११ला महबूब अली खानही गेले आणि स्टुडिओचे वैभवाचे दिवस मागे पडले.

२००६मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. त्याआधी १९८९ला दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचा विकत घेतल्या. राजे, नवाब, त्यांची मुलं, शिकारीत मारलेले वाघ, महालांचे दिवाणखाने. दीनदयाळांच्या फोटोंवर पुष्कळदा खालच्या कडेला बारीक अक्षरांत क्रमांक आणि नाव असतं. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांनीही कोणता महाल कुठला आणि खुर्चीत बसलेला उमराव कोण, हे सांगता येतं. दुष्काळाच्या फोटोतल्या त्या माणसांच्या खाली फक्त जिल्ह्याचं नाव आहे.