टार्गेट डिस्प्ले मोड

टार्गेट डिस्प्ले मोड : ॲपल कंपनीच्या काही आयमॅक संगणकांचा पडदा दुसऱ्या संगणकाचा बाह्य मॉनिटर म्हणून वापरण्याची सोय. ऑल-इन-वन संगणकात पडदा आतल्या ग्राफिक्स चिपला कायमचा जोडलेला असतो आणि पोर्टमधून चित्रसंकेत सहसा फक्त बाहेर जातो. त्यामुळे संगणक कालबाह्य झाला की चांगला पडदाही त्याच्याबरोबर निकामी ठरतो. या मोडमध्ये तेच पोर्ट बाहेरचा संकेत आत घेते.

मॉडेल व जोडणी : ही सोय 2009 च्या अखेरीस 27 इंची आयमॅकमध्ये प्रथम आली. पडद्याचे विभेदन 2560×1440 होते. 2009 व 2010 च्या 27 इंची मॉडेलांना मिनी डिस्प्लेपोर्टची केबल चाले. 2011 पासून 2014 च्या मध्यापर्यंतच्या मॉडेलांत, 21.5 इंची धरून, थंडरबोल्ट पोर्ट आले. या मॉडेलांना मात्र स्रोत संगणक आणि केबल दोन्ही थंडरबोल्टचेच लागतात. मिनी डिस्प्लेपोर्टची केबल त्याच खाचेत नीट बसते, पण चित्र येत नाही.

आयमॅक सुरू करून त्यात लॉगिन केल्यावर त्याच्या कीबोर्डवर कमांड व एफ2 ही बटणे एकत्र दाबावी लागतात. आयमॅकवर मॅकओएस हाय सिएरा किंवा त्याआधीची आवृत्ती असावी लागते. स्रोत मॅक 2019 पर्यंतचा आणि कॅटालिना किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरचा असावा, अशी कंपनीची अट आहे.

मर्यादा : पडद्यापुरता वापर असला तरी आयमॅक पूर्ण चालू ठेवावा लागतो. त्याचा कॅमेरा व यूएसबी पोर्ट स्रोत संगणकाला मिळत नाहीत.

5के पडदा व बँडविड्थ : 2014 च्या अखेरीस आलेल्या 5के आयमॅकमध्ये व त्यानंतरच्या एकाही मॉडेलमध्ये हा मोड नाही. 5120×2880 म्हणजे 1,47,45,600 पिक्सेल. आधीच्या 27 इंची पडद्याच्या नेमके चौपट. प्रत्येक पिक्सेलला 24 बिट आणि सेकंदाला 60 चित्रे धरल्यास केवळ चित्रासाठी सुमारे 21.2 गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. डिस्प्लेपोर्ट 1.2 च्या चार मार्गिकांची एकूण क्षमता 21.6 गिगाबिट असली, तरी संकेतनाचा भाग वजा जाता 17.28 गिगाबिटच हाती उरतात. एका जोडणीतून पूर्ण 5के चित्र नेणे त्यामुळे अशक्य होते. 2017 च्या आयमॅकमध्ये थंडरबोल्ट 3 आले, तरीही मोड परतला नाही. तेव्हा बँडविड्थ हे एकमेव कारण मानता येत नाही.

पर्याय : 2021 च्या मॅकओएस माँटेरेपासून 2019 व नंतरचे आयमॅक एअरप्लेद्वारे दुसऱ्या मॅकचा पडदा होऊ शकतात. चित्र दाबून पाठवले जात असल्याने थोडा विलंब जाणवतो. जुन्या 5के आयमॅकमधील मदरबोर्ड काढून पॅनेलला सुटे कंट्रोलर बोर्ड जोडण्याचा मार्गही अवलंबला जातो. त्यात पडदा काचेसह उचकटावा लागतो व मूळ संगणक उरत नाही. कंट्रोलर बोर्ड पॅनेलच्या क्रमांकाला जुळणारेच लागते.

इतर उत्पादक : काही विंडोज ऑल-इन-वन संगणकांना एचडीएमआय-इन पोर्ट असते.