माहेरावांचून

नवऱ्यानें हात उगारला तर स्त्रीनें कोठें जावें, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे पूर्वापार एकाच शब्दांत दिलें जातें : माहेरीं. तें उत्तर किती वेळां पोकळ ठरतें, हें समजूत घालून सासरीं परत धाडलेल्या लेकींस विचारावें. इंग्रजींत तर या अर्थाचा शब्दच नाहीं. तेथें अशा स्त्रीस आसरा कसा मिळाला, याचा इतिहास केवळ कायद्याच्या पुस्तकांवरून उमगावयाचा नाहीं.

इ. स. १८७८ सालीं फ्रान्सिस पॉवर कॉब या विदुषीनें पत्नीछळाच्या हकीकती वर्तमानपत्रांतून वेंचून एका मासिकांत मांडल्या. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा केला. गंभीर मारहाणीबद्दल नवरा दोषी ठरला व पुढेंही स्त्रीच्या जिवास धोका आहे अशी न्यायाधीशाची खात्री झाली, तर तिला विभक्त राहण्याचा हुकूम, पोटगी आणि १० वर्षांखालील मुलांचा ताबा मिळूं लागला. काम मोठें, यांत शंका नाहीं. पण हुकूम हातीं घेऊन तिनें त्या रात्रीं निजावें कोठें? कायदा याविषयीं मुका होता.

उत्तर सांपडलें तें ९३ वर्षांनीं, आणि तेंही जवळजवळ योगायोगानें. १९७१ सालीं पश्चिम लंडनमधील चिझिक येथें एरिन पिझी व त्यांच्या मैत्रिणींनीं एका लहानशा पडीक घरांत आळींतल्या बायकांस बसाउठावयास जागा केली. हेतु शेजारधर्माचा. तोंच अंगावर वळ घेऊन बायका येऊं लागल्या, आणि परत जाण्यास त्यांस ठिकाण नव्हतें. जमिनीवर गाद्या अंथरल्या गेल्या. स्वयंपाक, मुलांची राखण, कोर्टांत सोबत, सरकारी मदतीचे अर्ज, सारें एकमेकींच्या साह्यानें करावयाचें. मला यांत विशेष वाटतें तें हें कीं, आधीं आलेलीनें मागून आलेलीस धीर द्यावयाचा असल्यामुळें, आपण कोणाच्या तरी दयेवर जगतों ही भावना तेथें फार दिवस टिकणें कठीण होतें.

दारीं आलेलीस परतवावयाचें नाहीं, हा तेथला नेम. त्यामुळें पुढें घेतलेल्या मोठ्या घरांत ३६ जणांची मर्यादा असतां ७५ माणसें आढळलीं, आणि खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. बचाव असा कीं, हीं सर्व मिळून एकच कुटुंब आहे. १९७७ सालीं लॉर्डांनीं तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीनें तें योग्यच असेल. सतत ये-जा करणाऱ्या समूहास कुटुंब कसें म्हणावें? तथापि ज्यांस कायदेशीर कुटुंबांतूनच जीव घेऊन पळावें लागलें, त्यांच्या वतीनें हा शब्द उच्चारला जावा, यांतलें मर्म निकालपत्रांत मावणारें नव्हे.

एव्हांना अशीं घरें गांवोगांवीं उभीं राहिलीं होतीं. १९७४ सालीं त्यांचा संघही निघाला. १९७६ च्या कायद्यानें घटस्फोटाचा दावा न लावतांही मारकुट्या नवऱ्यासच घराबाहेर काढण्याचा अधिकार स्थानिक न्यायालयांस दिला. आणि १९७७ च्या दुसऱ्या एका कायद्यानें असें ठरविलें कीं, घरीं राहिल्यास जिला मारहाणीचें भय आहे ती स्त्री, डोक्यावर छप्पर असलें तरी, बेघरच समजावी. ती लेंकुरवाळी असेल तर तिच्या निवाऱ्याची सोय म्युनिसिपालिटीनें केलीच पाहिजे. चिझिकच्या त्या गाद्यांपासून येथवर यावयास अवघीं सहा वर्षें लागलीं.