बेदरची सनद आणि गावाची वेस

मराठवाड्यात इस्लाम तलवारीनं आला का फकिराच्या झोळीतून, यावर पंडितांची भांडणं चालू द्या. मला वेगळाच प्रश्न छळतो. देवगिरीचे यादव बुडाले तेव्हापासून १९४८ ला निजाम जाईपर्यंत इथं सहाशेच्या वर वर्षं मुसलमान राजे होते. मग महारवाडा वेशीबाहेरच कसा राहिला?

काही दरवाजे उघडले, ते नाकारू नका. मलिक अंबर इथिओपियातला पोरगा. गुलाम म्हणून विकला गेला, मुसलमान झाला आणि निजामशाहीचा वजीर होऊन मोगलांना उभ्या जन्मात चैन पडू दिली नाही. १६२६ ला मेला, खुलताबादला कबर आहे. विकलेला माणूस वजीर होतो, ही काय साधी गोष्ट नाही. आमच्या कंधारला हाजी सय्याह सरवर मगदूमांच्या उरसाला आजही सगळ्या जातीची माणसं येतात.

आणि दामाजीची कथा. दुष्काळात त्यानं बादशाही कोठारं रयतेला मोकळी केली, आणि विठोबा महाराच्या वेषात बेदरच्या दरबारात जाऊन पैसे भरून आला. कीर्तनात माना डोलावणारांनी कधी विचार केला का? देव महार होऊन बादशहापुढं उभा राहतो. पण खऱ्या महाराला त्याच देवाच्या देवळात शिरायला १९४७ उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

पण बेदरची दुसरी कथा आपल्या जास्त जवळची. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, म्हणजे हे आपल्या उंबऱ्यावरचंच. आपली म्हातारी माणसं सांगत, अमृतनाक महारानं बादशहाची बेगम परत आणून दिली. बादशहा खूश झाला, माग म्हणाला. अमृतनाकानं जातीसाठी मागितलं, आणि ५२ हक्कांची सनद मिळाली. काय होते ते हक्क? मेल्या ढोराचं कातडं. मढ्यावरचं कापड. खळ्यावरचं धान्य. सनद खरी का खोटी हे बाजूला ठेवा. आपल्या बापजाद्यांनी ती छातीशी धरली, हे खरं. बादशहा महाराला दरबारात घेतो, शाबासकी देतो आणि पुन्हा वेशीबाहेर पाठवतो. हातात हक्काचा कागद देऊन! याच वतनाची बेडी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं.

सुलतानांना महसूल पाहिजे होता. महसूल पाटील-कुलकर्णी गोळा करत, आणि त्यांचा निरोप, ओझं, राखण महाराच्या पाठीवर. ही घडी मोडायची कुणाला गरज होती? उलट गावानंच इस्लामला आपल्यात बसवून घेतलं. मुलाणी बघा. बकरं हलाल करायचं आणि सुगीला धान्य घ्यायचं. कलमा म्हणणारा माणूस बलुत्याच्या रांगेत उभा!

हे फक्त इथंच झालं असंही नाही. इब्न बतूता दौलताबाद बघून गेला, नंतर १३५२ ला पश्चिम आफ्रिकेत मालीला पोचला. तिथं राजा मुसलमान, नमाजाला गर्दी, पोरांकडून कुराण पाठ करून घेत. पण राजापुढं रयत डोक्यावर माती टाकून घेई, ते त्याला खटकलं. लोहार आणि भाट यांच्या वेगळ्या जाती तिथं इस्लामनंतरही टिकल्या, आपसातच सोयरीक.

गिरणीत माझ्या पाळीला एक पिंजारी आहे. आज्यानं कमान वाजवून कापूस पिंजला, हा मशीनवर तेच करतो. सय्यदाच्या घरी तुझ्या बहिणीचं स्थळ चालेल का, विचारलं तर नुसता हसतो. बाबासाहेबांनी १९४० च्या पाकिस्तानवरच्या पुस्तकात बंगालच्या शिरगणतीतून हेच दाखवलं: अशरफ, अजलफ, आणि सगळ्यात खाली अर्जल, ज्यांना मशिदीतसुद्धा मज्जाव. १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. निजामाच्या राज्यात बहादूर यार जंगचे तबलीगवाले आपल्या वस्त्यांत फिरत होते. काही गेले. त्यांना शिव्या देऊ नका, विहिरीवर पाणी मिळत नसलेला माणूस कुठल्याही दारी जाईल. बाबासाहेब एकवीस वर्षं थांबले आणि बुद्धाकडे गेले.

गावोगावच्या मुलाण्यांच्या, पाटलांच्या घरी मोडी-फारसी कागद वाळवी खाते आहे. दोस्तहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा ते बघा. आणि म्हाताऱ्यांकडून अमृतनाकाची गोष्ट लिहून घ्या, प्रत्येक गावची वेगळी निघेल.