दारूबंदी : धर्मनीती आणि कायदा (घुग्घुस व चंद्रपूर–गडचिरोली परिसर)

धर्माने सांगितलेले आचरण राज्याच्या कायद्यात आणावे का, आणि आणायचे तर कोणत्या धर्माचे, हा प्रश्न भारतात विवाह, देवदासी प्रथा, गोवंशहत्या अशा अनेक कायद्यांच्या निमित्ताने उभा राहिला. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत तो घराच्या उंबऱ्यापर्यंत आला तो दारूबंदीच्या रूपाने. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली.

घुग्घुस हे चंद्रपूर तालुक्यातले कोळशाचे गाव. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या) खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना आणि देशाच्या अनेक भागांतून आलेला कामगार, अशी इथली वस्ती. पाळीचे काम, अंगभर धूळ आणि महिन्याचा रोख पगार असतो तिथे दारूचे दुकान फार लांब नसते. त्यातच वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका लागतो, आणि यवतमाळात बंदी नव्हती. त्यामुळे त्या सहा वर्षांत नदीचे पात्र हीच कायद्याची हद्द झाली. पलीकडे परवान्याचे दुकान आणि अलीकडे त्याच बाटलीसाठी कलम ६५ (ई) खालचा गुन्हा. पाप नदीच्या एका काठावर पाप आणि दुसऱ्या काठावर व्यवहार, असे कोणताही धर्म म्हणत नाही. जिल्ह्यापुरत्या कायद्याला मात्र तसेच म्हणावे लागते. धर्मनीती आणि कायदा यांच्यातला पहिला फरक इथेच दिसतो.

या भागातली व्यसनविरोधी नीती एकाच धर्मातून आलेली नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी भजनांतून आणि सामुदायिक प्रार्थनेतून गावोगाव व्यसनमुक्तीचा आग्रह धरला. चिमूरच्या परिसरावर त्यांचा प्रभाव खोल होता. शेजारच्या वर्ध्यात, सेवाग्रामला, गांधीजींनी दारूबंदीला विधायक कार्यक्रमात स्थान दिले आणि १९७० च्या दशकात वर्धा जिल्हा दारूबंदीचा झाला. इस्लाममध्ये मद्य निषिद्धच आहे. सर्वांत ठसठशीत घटना १६ ऑक्टोबर १९५६ ची. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. शील घ्यावे लागते. माणूस ते स्वतःच्या तोंडाने उच्चारतो. ते मोडले तर जामीनदार शोधावा लागत नाही. शीलाचे बळ या स्वेच्छेत आहे, आणि कायद्याजवळ नेमकी तीच नसते.

आंबेडकरांना हा फरक आठ वर्षे आधीच ठाऊक होता. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दारूबंदीच्या दुरुस्तीवर चर्चा झाली. दुरुस्ती महावीर त्यागींची होती. कोल्हापूरचे बा. ह. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने विरोध केला. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांचा विरोध वेगळ्या जातीचा होता. ही तरतूद म्हणजे या देशातल्या सर्वांत जुन्या लोकांच्या धार्मिक अधिकारात ढवळाढवळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तांदळाची दारू पूजेत लागते आणि भातलावणीच्या कष्टातही लागते, हे त्यांनी सभेला सांगितले. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली. हे निर्देशक तत्त्व आहे, ते केव्हा अमलात आणायचे हे राज्याने ठरवायचे आहे आणि आदिवासी क्षेत्रांसाठी घटनेत वेगळी व्यवस्था आहे, असे उत्तर त्यांनी दिले. पुढे हाच मजकूर अनुच्छेद ४७ झाला. त्याचे शब्द नीट वाचावेत. पाप, पावित्र्य, देव यांपैकी एकही शब्द त्यात नाही. पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या ओघात, औषधी उपयोग वगळता, मादक पेयांच्या बंदीचा प्रयत्न राज्याने करावा, एवढेच तिथे म्हटले आहे. प्रेरणा धर्माची असली तरी कारण लौकिकच द्यावे लागेल, ही शिस्त घटनेने घालून दिली.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. महाराष्ट्रात आजही मूळ कायदा तोच आहे. फक्त नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाले. १९५१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला बराचसा भाग वैध ठरवला आणि मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरची सरसकट बंदी रद्द केली. राज्यात पुढे बंदी सैल झाली, पण कायद्याची घडण बंदीचीच राहिली. पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो आरोग्य टिकवण्यासाठी दिला जातो, असे कागदावर अजून लिहिलेले आहे. परमिट रूम हा शब्द तिथूनच मराठीत आला.

या कायद्यात एक तरतूद अशी आहे की धार्मिक संस्कारासाठी लागणाऱ्या मद्याला सरकार परवानगी देऊ शकते. तिची भाषा पाहता ती लिहिताना डोळ्यांपुढे चर्चमधला द्राक्षारस होता, हे उघड आहे. गोंड आणि माडिया कुटुंबांत मोहाचे स्थान त्याहून कमी नाही. जन्म, लग्नाची बोलणी, मृत्यूनंतरचे विधी, पेनापुढची म्हणजे गोंडांच्या देवापुढची पूजा, यांत मोहाच्या दारूची धार वाहिली जाते आणि मगच माणसे ओठाला लावतात. चैत्राच्या आसपास पहाटे झाडाखाली वेचलेली फुले खाण्यात येतात, वाळवून विकली जातात आणि बियांचे तेलही निघते. पोलिसांच्या पंचनाम्यात मात्र हेच फूल ‘मोहसडवा’ होऊन येते आणि जागेवर ओतून नष्ट केले जाते. एकाच कायद्याने एका उपासनेला सवड दिली आणि दुसरीला भट्टी म्हटले. दारूबंदीच्या समर्थकांनी, आणि समर्थन करण्यासारखे त्यात पुष्कळ आहे, या ठिकाणी थांबून विचार करायला हवा होता. धर्मनीती कायद्यात आणताना ती बहुसंख्यांची असते आणि ज्यांचा देव वेगळ्या रीतीने पुजला जातो ते गुन्हेगारांच्या रांगेत उभे राहतात, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण विदर्भात नाही.

असे असूनही बंदीची मागणी देवळातून किंवा विहारातून आली नाही. ती बायकांकडून आली. गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. अभय व राणी बंग आणि अनेक कार्यकर्त्यांच्या साथीने गावे उठली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ संघटना आणि तिच्या नेत्या पारोमिता गोस्वामी यांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पदयात्रा नेली. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीच्या बाजूने ठराव केले. या बायकांच्या बोलण्यात ग्रंथांचा आधार फारसा नसे. पगाराच्या दिवशी घरात काय येते, मार कोण खाते, पोरांची फी कशी भरायची, हा त्यांचा आधार होता. हे कारण पूर्णपणे कायद्याच्या अखत्यारीतले आहे, आणि नीतीचेही आहे. दुसऱ्याला होणारी इजा थांबवणे आणि दुसऱ्याला पुण्यवान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घुग्घुससारख्या वस्तीतली बाई पहिली मागत होती. सरकारी घोषणांत आणि सत्कारांत तिची मागणी बहुधा दुसरीच्या भाषेत सांगितली गेली.

२०१५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. तत्कालीन पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. एप्रिलपासून देशी दारूची दुकाने, परमिट रूम, बिअर शॉपी बंद झाल्या. पुढची सहा वर्षे दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने मोजली. उघड्यावरचे पिणे कमी झाले, रस्त्यावरून चालता येऊ लागले, असे अनेक बायकांनी सांगितले. चोरटी दारू महाग झाली, बनावट माल आला, तो वाहून नेण्यात कोवळी मुले आणि बायकाही अडकल्या, हेही तितकेच बोलले गेले. माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आल्यावर २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. तेव्हाचे पालकमंत्री विजय वडेट्टीवार बंदी उठवण्याच्या बाजूने होते. जुलैत दुकाने पुन्हा उघडली. बंदी लावतानाचा आधार आरोग्याचा होता, उठवतानाचा आधार अंमलबजावणीच्या अपयशाचा आणि महसुलाचा होता. जे कृत्य सहा वर्षे अपराध होते ते एका निर्णयाने अपराध राहिले नाही. त्या काळात दाखल झालेल्या गुन्ह्यांतले लोक मात्र तारखांना जातच राहिले.

महाराष्ट्रात कायदा उलट दिशेनेही चालला आहे, म्हणजे धर्माच्या नावाने चाललेल्या आचाराला आवर घालण्याच्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा आणि जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ही त्याची उदाहरणे. दोन्हींची कसोटी इजा हीच आहे.

दारूच्या बाबतीत दोन छोट्या वाटा शिल्लक आहेत, आणि जिल्हाभर लादलेल्या बंदीपेक्षा त्या अधिक विचारपूर्वक आखलेल्या आहेत. पहिली ‘आडवी बाटली’ची. गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला मतदारांनी ठरावीक संख्येने मागणी केली की गुप्त मतदान होते. ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. दुसरी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेची. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा, तसेच नियमन वा मर्यादा घालण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. बंदी, नियमन आणि मर्यादा हे तिन्ही शब्द तिथे शेजारी आहेत. त्यामुळे ग्रामसभा विक्रीसाठीची भट्टी बंद करू शकते आणि पेनापुढे ठेवायच्या मोहाचा विचार वेगळा करू शकते. त्यासाठी तिला मुंबईकडे पाहावे लागत नाही.